धुतलेली वाटी

माझी मुलगी वर्षाचीही नव्हती, तेव्हा तिच्यासाठी केलेली नाचणीची खीर मी रोज सकाळी मोरीत ओतत होतो. मग वाटी धुऊन ओट्यावर पालथी घालायची आणि बायको शाळेतून आली की सांगायचं, सगळी खाल्ली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी समोर बसवून सरळ विचारलं, तेव्हा त्यांनाही नाही.

मुलगी आता सातवीत आहे. तब्येतीनं चांगली आहे, हे आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. बिघडलं ते दुसरंच.

तेव्हा आम्ही सिडकोत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. मी अंबडच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो, म्हणजे सकाळ माझी रिकामी. बायको एका खासगी शाळेत मराठी शिकवायची. तिची शाळा सकाळची. बाळंतपणाची रजा संपवून ती रुजू झाली, तेव्हा नातीला सांभाळायला माझी आई निफाडजवळच्या गावाहून येऊन राहिली. कामं वाटून घेतली होती. तेल लावून अंघोळ घालणं आईकडे. त्यानंतर ती महादेवाच्या देवळात जायची आणि तिथल्या ओट्यावर बायकांत रमायची. भरवणं माझ्याकडे.

नाचणीचं सत्त्व बायको रविवारी स्वतः करायची. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवायची, मिक्सरमधून काढून पुन्हा फडक्यातून गाळायची. डबा भरून ठेवायची आणि मला बजावायची, "अहो, गुठळ्या होऊ देऊ नका. आणि घाई करू नका, ती हळूहळू खाते."

ती खातच नव्हती. चमचा दिसला की ओठ मिटायची आणि मान फिरवायची. काऊचा घास, चिऊचा घास, खिडकीत उभं राहून रिक्षा दाखव, मोबाइल दाखव, सगळं करून झालं. एखादा चमचा आत गेलाच तर जिभेनं बाहेर ढकलायची आणि हनुवटीवरून ओघळणाऱ्या खिरीतून माझ्याकडे बघत राहायची. वरणभाताचं तेच. तासभर हा खेळ चालायचा. मी रात्री उशिरा कामावरून आलेलो असायचो, अंग आंबलेलं. एकदा तर मी तिच्यावर इतक्या जोरात खेकसलो की ती दचकून रडायलाच विसरली.

त्याच दिवशी केव्हातरी मी माझा चहा बशीत ओतला होता. ती मांडीवर होती. बिस्किट बुडवून मी तोंडाकडे नेत होतो आणि तिनं आपणहून आ केला. चिमणीच्या पिल्लासारखा. मी तो मऊ तुकडा तिच्या तोंडात ठेवला, तिनं गिळला आणि पुन्हा आ केला.

काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. इतके दिवस माझ्यासाठी न उघडलेलं तोंड उघडलं होतं. त्या दिवसापासून आमचं दोघांचं ठरून गेलं. आई देवळात गेली की चहा-बिस्किट. दोन घास खिरीचे करून बघायचो, मग तेही सोडलं. पोट भरलं की पोर शांत, मी शांत. खीर मोरीत, भात कागदात गुंडाळून बाहेर कुत्र्याला.

आमच्याकडे चहाला कुणी वाईट समजत नाही. आई म्हणायची, "तुम्ही समदे चहावरच वाढले." मी तिला विचारलं असतं तर तिनं स्वतःच बशी पुढं केली असती. तरीही मी लपवत होतो, कारण बायकोला चालणार नाही हे मला माहीत होतं. आणि आणखी एक कारण होतं. ती शाळेतून यायची, पालथी वाटी बघायची आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. मैत्रिणींना फोनवर सांगायची, "आमच्याकडे हेच भरवतात गं. वाटी चाटूनपुसून संपते." येवल्याहून सासूबाई आल्या की मला वाढताना एक पोळी आग्रहानं जास्त पडायची. असा जावई बघितला नाही म्हणायच्या. ते कौतुक मला सोडवत नव्हतं.

पोरं हाताला येईल ते तोंडात घालतातच. चपला, किल्ल्या, पंच्याचा शेव, सगळं तिनं चाखलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग ती रांगत खिडकीखाली जायला लागली. तिथली भिंत ओल धरून होती, रंगाचे पोपडे सुटले होते. ती नखानं पोपडा उकरायची आणि चघळत बसायची. हाकललं की तुळशीच्या कुंडीकडे. तिथून उचललं की दारातली रांगोळी. मुठीत पांढरी पूड, ओठांवर पांढरी पूड. खिरीला मिटणारं तोंड भिंतीला उघडायचं. तिच्या चेहऱ्याचा रंग फिकटला होता. खेळता खेळता आडवी व्हायची.

आईनं निदान लगेच केलं. "पोटुशी असताना हिचे डोहाळे पुरे झाले नाय. ओटी भरायच्या दिवशी बी शाळेतून पळत आली. लेकरू माती खाणार नाय तं काय?"

"आई, त्याचा काही संबंध नसतो हो," बायको म्हणाली.

"नाय कसा? मंग वाटीभर खाऊन लेकरू भिताडं का चाटतंय, तू शिकलेली, तूच सांग."

वाटीभर खाल्लेलं खरं धरूनच सगळे बोलत होते. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

मुलांच्या डॉक्टर बाईंनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, तळवे बघितले. "तोंडात घालणं वेगळं आणि असं शोधून शोधून खाणं वेगळं," त्या म्हणाल्या. "अंगात लोह कमी पडलं की मुलं बऱ्याचदा असं करतात. काय खाते दिवसभर?"

बायकोनं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. नाचणी, वरणभात, संध्याकाळी मऊ खिचडी, भाजीचं पाणी. "दुपारपर्यंत बाबा भरवतात. सगळं संपवते. माझ्याकडे मात्र संध्याकाळी नीट खात नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "संपवते?"

"हो."

"चहा वगैरे देता का? चहा दिला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि भूकही मरते. म्हणून विचारतेय."

"नाही," मी म्हणालो.

विचार करायलाही थांबलो नाही. त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. "इतकं खाते, मग जातंय कुठं?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि आणखी तपासण्या लिहून दिल्या. पोरीची शीर सापडत नव्हती. एका हाताला टोचलं, मग दुसऱ्या. दंड धरायला मला सांगितलं होतं. ती किंचाळत माझ्याकडेच बघत होती, सोडवशील या आशेनं. एका वाक्यात ते सगळं थांबवता आलं असतं. मी दंड घट्ट धरला.

घरी आल्यावर चहा बंद केला. दोनच दिवस. पोर बशीकडे हात करून इतकी रडली की शेजारच्या काकू डोकावल्या. खीर तर ती घेईचना. तिसऱ्या दिवशी मी हरलो. लोहाचे थेंब दिले होते, ते ती थुंकायची, म्हणून मी तेही चहातल्या बिस्किटावर टाकायला लागलो. डॉक्टरांनी कारण सांगितलेलं असताना. केलंय ते असं आहे.

थेंबांनी फरक पडेना. मग आईनं तिचा उपाय काढला. राहिलेला डोहाळा आता पुरवायचा, पोर मांडीवर घेऊन. कोणता राहिला होता, हे मीच आईला सांगितलं होतं. पोटुशी असताना बायको एकदा लाजत म्हणाली होती, की शेतात भाजलेला हिरवा हरभरा खावासा वाटतो. तेव्हा उन्हाळा होता, मिळाला नाही. ते फक्त मला सांगितलेलं होतं.

आता हंगाम होता. गावाहून हरभऱ्याचे डहाळे आले. आईनं ते अंगणात पाचटावर भाजले. गल्लीतल्या बायका बोलावल्या, पाट मांडला, बायकोला हिरवी साडी नेसवली. ती सकाळची शाळा करून आलेली, हाताला खडू तसाच. बायका हसत होत्या. "बाई, दोनदा डोहाळे जेवण, नशीब लागतं!" "मास्तरीणबाई, सगळे दाणे संपवायचे हं, नाहीतर पोरगी आमच्याही भिंती खाईल." एकीनं विचारलं, "शाळेत पोरांना धडे देता, घरच्या पोरीकडे बघायला वेळ असतो ना?" त्यावरही हसू झालं. बायको एकेक दाणा सोलून तोंडात टाकत होती. काळी राख तिच्या ओठांना लागली होती. मांडीवरची पोर त्याच वेळी पाटाच्या कडेचा रंग दातांनी खरवडत होती. पाणी द्यायला मीच होतो. बायकोनं भांडं घेताना वर बघितलं नाही.

त्या रात्री तिनं विचारलं, "मी नोकरी सोडू का?"

"तू बघ, तुला काय वाटतं," मी म्हणालो.

मला समंजस वाटलं होतं ते उत्तर. पुढच्या वर्षी ती शाळेत कायम होणार होती. मुख्याध्यापक बाईंनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, तिनं ऐकलं नाही. वर्गातल्या मुलांनी दिलेली फुलं तिनं घरी आणून पाण्यात ठेवली आणि ती वाळल्यावरही टाकली नाहीत.

ती घरी राहिली, आणि अर्थातच चहाची बशी बंद झाली. पोर आठवडाभर रडली, चिडली, नंतर भुकेजून खायला लागली. आधी भाताची पेज, मग वरणभात, मग नाचणीसुद्धा. थेंब आता लिंबाच्या सरबतातून जात होते. गालांवर रंग आला. भिंतीकडे जाणं हळूहळू सुटलं. डॉक्टर बाई खूश झाल्या. आई तर देवळातल्या सगळ्या बायकांना सांगून आली, "बघा, माय घरात राहिली आन लेकरू सुधारलं." बायकोनंही तेच धरलं. तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. याहून मोठा पुरावा तिला काय हवा होता? माझं खोटं खरं ठरलं, आणि त्यानंतर ते उघड करणं मला आणखी जड झालं.

वर्षं गेली. आई गेली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर एका शाळेनं बायकोला बोलावलं होतं. ती म्हणाली, "नको. मागं एकदा बघितलंय मी." पापड, शिकवण्या, असं काहीबाही करते. मुलगी कधी आजारी पडली, मार्क कमी आले, की स्वतःशी पुटपुटते, लहानपणी मीच हेळसांड केली हिची. मी ऐकतो.

गेल्या आठवड्यात माझी भाची आली होती. बँकेत आहे, पदरात नऊ महिन्यांचा मुलगा, त्याला घरी ठेवून आलेली. "मामी, तो पेपर खातो हो," ती सांगत होती. "टरकावून चक्क गिळतो. आणि भात दिला की थू."

बायको तिच्या जवळ सरकून बसली. "नोकरी सोड," ती म्हणाली. "थोडे दिवस नाही, सोडच. मी सोडली म्हणून माझी पोर हाती लागली."

"पण मामा तर होते ना घरी? माझ्या नवऱ्याला साधं दुपटं बदलता येत नाही. तुम्हाला बाई आयतं मिळालं!"

"मामांनी पुष्कळ केलं गं. रोज भरवायचे. वाटी अगदी रिकामी. पण आईची जागा कोण घेणार?"

मी उठून आत गेलो.

भाची निघाली तेव्हा तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. हेल्मेटचा पट्टा लावताना तिला म्हणालो, "बाळाला चहा देत असाल तर बंद करा. आणि रक्त तपासून घे."

"सासरे देतात बशीतून. का हो मामा?"

"चांगला नसतो. लहान मुलांना."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मामी म्हणतात ते पटतंय मला. या महिनाअखेर राजीनामा देईन म्हणते." ती गाडी सुरू करून गेली.

चहाचं सांगितलं, तेवढ्यानं बाळ सुधारेलही. पण ती नोकरी सोडणार, बाळ सुधारणार, आणि तीही जन्मभर तेच समजणार, जे माझी बायको समजते. तिला थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते कारण आधी ऐकण्याचा हक्क भाचीचा नाही.

हे लिहिलेलं बायकोच्या वाचनात कधी येईलही. पण ते सांगणं नव्हे. तुझ्या शाळेनं पोरीला काही केलं नव्हतं, तुझ्या डोहाळ्यांनी नाही, ते मी केलं होतं, आणि तुला नोकरी सोडताना मी बघत राहिलो, हे तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं, महिना संपायच्या आत सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.