टाकीमागचा लाल माठ

ट्रेमधली सगळी रोपं हिरवी असायला हवी होती. अकरा लाल निघाली. मॅनेजर वेई शेजारी उभे होते. म्हणाले, "हा बियांचा लॉट विकता येणार नाही. पुढचाही असाच आला तर प्रोजेक्ट क्लोज."

आमचं शेत सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात, एका कारपार्कच्या छतावर. मी तिथे हिरव्या माठाचं बियाणं तयार करतो. माठाचा पराग वाऱ्यावर जातो. हिरव्यावर लाल माठाचा पराग पडला, की त्या बियांची रोपं लाल निघतात. म्हणून आसपास फुललेला लाल माठ नको.

गच्चीवरून खाली पाहिलं. कम्युनिटी गार्डनमध्ये सत्तरीच्या लिम आँटींचा लाल माठ तुऱ्यावर आला होता. चोर सापडला म्हणून मी खाली गेलो.

"आँटी, हे तुरे कापावे लागतील."

"व्हाय? माझ्या आईचं सीड आहे. एव्हरी इयर ठेवते."

"सगळे कापा. तुम्हाला कंपनीचं उत्तम बी देतो."

त्यांनी एका तुऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "युअर जॉब, आय अंडरस्टँड लाह." आणि कात्री आणायला गेल्या. मला वाईट वाटलं, पण फार नाही. काम चोख केल्याच्या तोऱ्यात होतो.

तीन महिन्यांनी पुढच्या लॉटचं बी पेरून पाहिलं. पुन्हा लाल रोपं.

त्या दुपारी पाण्याच्या टाकीमागे गेलो. तिथे थर्माकोलच्या खोक्यांत माझाच लाल माठ होता. लिटिल इंडियातून पाकीट आणून लावलेला. भरपूर लसूण घातलेली ती भाजी डब्यात नसली तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. शेंडे खुडत राहिलं की माठ फुलत नाही, एवढं मला कळतं. पण दोन्ही लॉट फुलोऱ्यात आले, त्या दोन्ही वेळी मी रजेवर पुण्याला होतो. आल्यावर पुढची पानं खुडत राहिलो, मागच्या खोक्याकडे बघितलंच नाही. तिथला वाळका तुरा चोळला. तळहातावर काळं बी आलं.

वेईंना सांगितलं.

"युअर ओन लंच?"

"हो."

त्यांनी प्रोजेक्टची फाइल मिटली. मग म्हणाले, "आधी आँटीला सांग."

मी खाली गेलो. "आँटी, चूक माझी होती. तुमच्या आईचं बी मी घालवलं."

त्यांनी वाफ्याकडे बोट दाखवलं. लाल माठाची कोवळी रोपं एका रांगेत उभी होती.

"बाकी सगळे कापले, एकच तुरा ठेवला. त्याला पेपर बॅग बांधली. बॅग असली की फुलांची पावडर बाहेर जात नाही, आत पण येत नाही लाह. तू आस्क केलं असतंस तर सांगितलं असतं."

तुऱ्याला पिशवी बांधणं मी नव्या इंटर्नना पहिल्याच दिवशी शिकवतो. आँटींना मात्र थेट कापायला सांगितलं होतं.

प्रोजेक्ट बंद झाला. मी आता पालेभाजीच्या सेक्शनला आहे. या सगळ्यात शुद्ध बी एकट्या आँटींचं निघालं. भेसळ कुठून आली असं कुणी विचारलं, की मी आधी माझा डबा उघडून बघतो.