लाल दिवा वर आला, माणिकराव नाही

माणिकराव गेले ते आमच्यामुळं.

आज वर्ष झालं. वर्षभर हे लिहायची छाती झाली नाही. आज लिहितो.

आमचा नांदेडचा सायकल ग्रुप. अकरा जण. मी सगळ्यांत म्हातारा, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात. माणिकराव रिटायर लाइनमन, ते कायम शेवटी. कुणी दमला, पंक्चर झाला, की त्याच्यासोबत थांबायचं, हे काम त्यांनी स्वतःहून घेतलेलं.

एकदा एक जाडजूड मास्तर चढावर रडकुंडीला आले.

"चला मास्तर, वर गरम भजे हायत."

मास्तर धापा टाकत वर पोचले. तिथं भजे तर सोडाच, झाडसुद्धा नव्हतं.

"माणिकराव, भजे?"

"न्हाईत. पण तुम्ही आलात ना वर!"

असा माणूस.

आमचा एक नियम होता. माणिकरावांच्या हँडलला पुढून लाल दिवा बांधलेला. चढ संपला की वर थांबायचं. खालून लाल दिवा येताना दिसला की सगळे आले. मग मी शिट्टी मारायची आणि निघायचं. माणसं मोजायची गरजच नाही.

नियम माझाच. मला त्याचा लई अभिमान होता.

त्या दिवशी नांदेडहून लातूरला निघालो होतो. सकाळी आभाळ बरं होतं. अहमदपूरच्या अलीकडं डोंगर लागला आणि अवकाळी सुरू झाला. समोरून वारा असा की पेडल मारूनही सायकल जागेवर. मग गारा. हरभऱ्याएवढ्या, नंतर बोराएवढ्या.

चढाच्या माथ्यावर एक पत्र्याचं शेड आहे. एकेक जण तिथं येऊन घुसत होता. पत्र्यावर गारांचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सगळ्यांच्या अंगात रेनकोट, टोप्या नाकापर्यंत. कोण कुठला, ओळखू येईना.

"काका, निघू या. वीज पडून राहिली," कुणीतरी कानात ओरडलं.

"दिवा येऊ दे."

आणि दिवा आला. वळणावर लाल लुकलुक दिसली.

मी शिट्टी मारली.

चेहरा नाही बघितला. दिवा बघितला.

चौदा किलोमीटरवर अहमदपूर. तिथं हॉटेलात चहा सांगितला. बाहेर सायकली लावलेल्या. माणिकरावांची जुनी काळी सायकल दिसली, आणि तिच्यावरून उतरून हातमोजे काढत आमच्यातले एक साहेब आले. नाव घेत नाही. त्यांचं त्यांना कळेल.

"साहेब, ही तर माणिकरावांची सायकल. तुमची कुठंय?"

"माझा गिअर तुटला ना चढावर. ते म्हणाले, तुम्ही माझी घेऊन व्हा पुढं, मी तुमची ढकलत आणतो."

"आणि ते?"

"येऊन राहिले असतील मागून."

"सांगितलं का नाही हो वर?"

"सांगणारच होतो काका. पण तुम्ही शिट्टी मारली."

हे वाक्य मी वर्षभर ऐकतोय. झोपेतसुद्धा.

जीप करून मागं गेलो. चढाच्या अर्ध्यावर ओढ्यावरची एक मोरी आहे. तिच्या कठड्याला टेकून माणिकराव बसले होते. साहेबांची महागाची सायकल ओरखडा लागू नये म्हणून गवतावर नीट आडवी ठेवलेली. अंगातला रेनकोट काढून तिच्या गिअरवर टाकलेला.

छातीत दुखलं असावं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

अर्धा तास. तेवढा वेळ आम्ही पुढं पळत होतो, मग चहा सांगत होतो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच आमच्या शहाण्या लोकांचं ठरलं. "वहिनींना एवढं सगळं कशाला? आपण म्हणालो सोबत चला, ते ऐकले नाहीत, मागं राहिले. बास."

मी मान हलवली. हाच मी. नियमवाला.

सुशीलावहिनी वर्षभर नवऱ्यावर रागावून होत्या. कुणी भेटायला आलं की म्हणायच्या, "हट्टी माणूस. माझं न्हाई ऐकलं कधी, तुमचं काय ऐकणार?" मी समोर बसून ऐकायचो. त्यांनी दिलेला चहा प्यायचो.

आज ग्रुपनं माणिकरावांच्या नावानं राइड काढली. टी-शर्टवर फोटो. झेंडा दाखवणार तेच साहेब. मला फोन आला, "काका, शिट्टी तुमचीच पाहिजे."

नाही गेलो.

वहिनींकडं गेलो. उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. गिअर, सायकल, दिवा, शिट्टी, पायऱ्यांवरचं खोटं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं,

"भाऊ, त्यांनी हाक मारली असंल का हो तुम्हाला?"

"गारांत ऐकू आलं नसतं वहिनी."

"ते न्हाई विचारलं."



"मारली असंल," त्याच म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं. "आन् मी वर्षभर त्यांनाच बोलून राहिले."

कडी हातात धरली. "या आता तुम्ही."

मी पायऱ्या उतरलो.

ग्रुपमधले वाचत असतील. वाईट वाटलं तर वाटू द्या. मला काढून टाका. पण तो फोटो टी-शर्टवरून काढा. तुम्हालाही शोभत नाही, मलाही नाही.

माणिकराव, माफी मागायला तोंड नाही. तुम्हाला मागं टाकून आलेला हा म्हातारा नुसता हात जोडून उभा आहे.