मळीनाथचा वेग

कृष्णातच्या दोन खोल्यांच्या घरात माणसं मोजकी आणि मल्ल दोनशे बारा. हे मल्ल कुठल्याच तालमीत कधी उतरले नाहीत. ते कृष्णातच्या डोक्यात जन्मले आणि पत्त्यांवर मोठे झाले. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका छापखान्यात तो कागद कापायच्या मशीनवर होता. उरलेल्या जाड पुठ्ठ्यावर तो पैलवान काढायचा आणि खाली ताकद, वेग, पकड यांचे आकडे लिहायचा. एकानं तिन्हीतला एक गुण पुकारायचा, आणि त्यात ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचा पत्ता घ्यायचा. खेळाचं नाव 'झुंज'. मालक भला माणूस, रविवारी छपाईचं मशीन वापरू द्यायचा आणि पन्नास-साठ संच हातोहात जायचे. शाहूवाडीचा मल्ल धुक्यात दिसेनासा व्हायचा, जोतिबाचा डोंगरावरून थेट प्रतिस्पर्ध्याच्या छाताडावर उतरायचा.

सत्त्याण्णव साली त्यानं बिद्रीचा मळीनाथ आणला. साखर कारखान्यातल्या काळ्या, चिकट मळीतून उठलेला. ताकद साठ, पकड अठ्ठ्याण्णव, वेग दोन.

नव्या मल्लावर चहाच्या गाड्यापाशी वाद व्हायचाच, पण या वेळी रण माजलं. कोल्हापूरकर असलेल्या पैलवानावरून भांडतो, त्याहून जोरात नसलेल्यावरून भांडतो.

"दोन? आमची गाभण म्हैस ह्याच्या फुडं जाईल की," दूधवाला सयाजी म्हणाला. "बदल आकडा."

"छापलेला आकडा बदलायचा न्हाय," कृष्णात म्हणाला. यापुढे त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्याच महिन्यात पिराजीमामा त्याला मुलगी बघायला घेऊन गेले, ते नेमके बिद्रीला. संयोगिता पोहे घेऊन आली. मान खाली वगैरे घालायच्या भानगडीत न पडता तिनं सरळ विचारलं, "तिखट चालतंय न्हवं?" कृष्णातला पोहे तिखट लागले आणि मुलगी फार आवडली. आता हिच्याशिवाय दुसरी बघायची नाही, हे त्यानं पहिल्या घासालाच ठरवलं.

तेवढ्यात तिचे वडील बाळासो यांनी खिशातून मळीनाथ काढून पुढ्यात ठेवला.

"ह्यो तुमचाच न्हवं, पावणं? कारखान्यात सगळी पाळी हसतीया मला. 'बाळासो, दोन वेगानं चला' म्हणत्यात. आमच्या गावाला दोन? नव्वद करा आन् सही ठोका. मग पोरीचं बोलू."

मामांनी कोपर मारलं. "कर की लेका. दोनाचं नव्वद करायला काय घाम येतोय?"

कृष्णातनं एकदा पत्त्याकडे पाहिलं, एकदा संयोगिताकडे, आणि खिशातलं पेन काढलं. सयाजीनं हे पाहिलं असतं तर जन्मभर फाडून खाल्लं असतं.

"त्येचा वेग वाढवला तर मला हे स्थळ नको," संयोगिता म्हणाली.

ती आत गेली आणि 'झुंज'चा वापरून मऊ झालेला अख्खा संच घेऊन आली. मळीनाथ स्वतःकडे ठेवून बाकीचे सगळे तिनं वडिलांच्या हातात दिले. "ह्यातला कुठला बी टाका, आबा. मी पकड म्हणणार."

बाळासोंनी एक टाकला, गेला. दुसरा टाकला, गेला. शाहूवाडीचा गेला, जोतिबाचा गेला. सात पत्ते जाईपर्यंत ते आपण रागावलोय हे विसरले आणि आठव्याला स्वतःच मांडीवर शड्डू ठोकून म्हणाले, "आपला बिद्रीचा हाय, सोडतोय व्हय!"

"मळी कधी पळती काय?" ती म्हणाली. "पळणाऱ्याला बी शेवटाला हातात यावंच लागतंय." मग ती कृष्णातकडे वळली. "एवढं ठाऊक असून तुम्ही पेन काढलासा कशाला?"

कृष्णातचे कान लाल झाले.

"तुम्ही आवडलासा म्हणून."

मामांना चहाचा ठसका लागला. बाळासो पत्ते पिसू लागले. संयोगितानं त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या खिशाला अडकवलं.

"कारण बरं हाय," ती म्हणाली. "पर आकडा ऱ्हाऊ द्या."