जुना सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बंगालात, न्यू टाउनमधल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा जुना सर्व्हर मी बंद केला, त्याची नेटवर्कची केबल काढायची राहिली, आणि साहेबांना मात्र म्हणालो, "काढली."

जुन्या यंत्रातलं सगळं उचलून एका मोठ्या यंत्राच्या पोटात त्याची हुबेहूब प्रत चालू करायची, असं ते काम. नाव तेच, पत्ता तोच. दोन्ही एकदम जागी झाली तर कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही, म्हणून जुन्याची केबल आधी काढतात.

संध्याकाळी वादळात वीज गेली. परत आल्यावर जुना सर्व्हर आपोआप सुरू झाला. ती सोय त्यात मीच करून ठेवलेली.

रिपोर्ट टाइप करणाऱ्या दीदी बराकपूरहून यायच्या. मी मराठी म्हणून मला 'बर्गी' म्हणायच्या. बंगाल लुटायला आलेले आपले घोडेस्वार इथे कुणी विसरलेलं नाही. मी जेवायला गेलो की, "डबे झाका, बर्गी आले." दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्या हसल्या नाहीत. "दादा, सकाळपासून टाइप करतेय आणि डॉक्टर म्हणतात, काहीच दिसत नाही."

सर्व्हर रूमचं दार उघडलं तर जुन्याचा पंखा फिरत होता. दीदींचं सगळं टायपिंग त्यात जात होतं आणि डॉक्टर नव्यात बघत होते. ते काढून देता आलं असतं, पण मग ते तिथे का गेलं, हेही सांगावं लागलं असतं. मी केबल काढली, दार आतून लावलं आणि डिस्क पुसली. बाहेर कुणाची चप्पल वाजली की हात थांबायचे.

साहेबांनी दीदींकडे बोट करून मला विचारलं, "यांची एकही एन्ट्री कशी नाही?"

"केली असती तर दिसली असती," मी म्हणालो.

टाइप झालं की तपासणीच्या निकालाची चिठ्ठी फाडायची, ही आमची पद्धत; त्यामुळे दीदींकडे दाखवायला काहीच नव्हतं. पेशंटना परत बोलावून रक्त घ्यावं लागलं. दीदींना काढलं. जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "दादा, तुम्हाला तर यातलं कळतं. तुम्ही सांगा ना त्यांना." मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

अनोळखी नंबरवरून फोन आला की अजून वाटतं, कुणाला तरी कळलं. आजवर कुणालाच कळलेलं नाही.

दीदींनी काम केलं होतं आणि ते मी पुसलं, हे साहेबांना आणि दीदींना तोंडाने सांगणं मी अजून देणं लागतो.