सगळ्यात हळू चालणारी पुढं

शिरूर कासारकडच्या डोंगरपट्ट्यातली छबुबाई अंगानं काटकुळी, पण चालू लागली की नाटकात राणी यावी तशी वाट मोकळी व्हायची. आवाज तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलं, तरी मान कधी खाली गेली नाही.

त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता, जनावरं छावणीत होती. डोंगरावर बांध घालून पाणी अडवायचं म्हणून गावानं सहकारी संस्था काढली. छबुबाई ऊसतोडीच्या बायकांना घेऊन सभासद व्हायला गेली, तर अध्यक्ष अर्जुनराव म्हणाले, "छबुबाई, तुम्ही दिवाळीला जाणार, पाडव्याला येणार. तुमच्या भरवशावर संस्था कशी चालायची?"

"अन् आबा, पाऊस कवा येतो? आमी गावात आसताना का गेल्यावर?"

बैठकीत हशा पिकला. अर्जुनरावही हसले, पण हटले नाहीत. काम सुरू करण्याआधी सगळ्या गावानं मिळून डोंगर पायाखाली घालायचा, शिवारफेरी करायची, असं ठरलं होतं. ते म्हणाले, "फेरीला या. सगळ्या माथ्यावर पोचलात तर सगळ्या सभासद. एक जरी मागं फिरली, तर पुढच्या साली बघू."

चैत्राचं ऊन सकाळपासूनच तापलं. तरवडाच्या झुडपांतून वाट सरळ आभाळाला टेकलेली, पायाखाली मुरूम सरकत होता. बायका सुटल्या त्या फडात सुटल्यासारख्या, जिची तिची सरी. सगळ्यांच्या पुढं छबुबाई.

"अवो, इथं ऊस न्हाई तोडायचा!" मागून येणाऱ्या गावकऱ्यांतला सटवा ओरडला.

"तुमी मागं उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करा, सटवाभाऊ!" बायकांतल्या वत्सलाबाईनं तिथंच परतफेड केली.

खिंडीत मात्र विमलबाई मटकन खाली बसली. हंगामावरून आली ती तापच घेऊन. तोंड लाल झालेलं, पोटऱ्या थरथरत होत्या.

"अक्का, मी फिरते. माझ्यापायी तुमी कशाला थांबता?"

"तू फिरलीस तर समद्याच फिरलो की गं!"

तेवढ्यात सटवा शेजारून गेला. "बसा, बसा. उतरताना घेऊन जातो."

छबुबाईला ते झोंबलं. पण चूक तिचीच होती. फडात ट्रकला फळी लावून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन चढताना ती सगळ्यात नवख्या पोरीला पुढं घालायची. मागच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. एकीनं घाई केली की फळी हलते अन् सगळ्याच खाली येतात. किती पोरींना तिनं हे शिकवलं होतं, आणि आज डोंगरावर स्वतःच विसरली होती!

तिनं विमलबाईला पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, पदर भिजवून डोक्यावर ठेवला. घटकाभर बसू दिलं. मग म्हणाली, "इमल, ऊठ. तू म्होरं."

"मी?"

"तूच. ह्या बाकीच्या तुझ्या पायात पाय टाकतील. जी पुढं पळंल तिची तंगडी मोडीन."

रांग निघाली. विमलबाई थांबली की सगळ्या थांबत, निघाली की निघत. ती सरळ चढाला भिडेना, आडवी-तिडवी वळणं घेई. रांगही तशीच वळे. कुणी "चल लवकर" म्हटलं नाही. वर एका हिवराच्या झाडाखाली सटवा पोटऱ्या चोळत बसला होता.

"सटवाभाऊ, उतरताना घेऊन जाऊ का?" वत्सलाबाईनं विचारलं. रांग हसत हसत पुढं सरकली.

माथ्यावर गोल करून बसलेल्या माणसांत अर्जुनराव उठून उभे राहिले. पहिलं पाऊल विमलबाईचं पडलं. ते रांगेचं शेपूट वर येईपर्यंत बघत राहिले. सगळ्यात शेवटी छबुबाई आली.

"या," ते म्हणाले, "मागं नका बसू. गोलात बसा. सभासद आहात तुम्ही."

मग कामाचा पहिला प्रश्न निघाला. "ऊसतोड्यांच्या वस्तीकडच्या उतारापासून सुरुवात करावी, असं कोण म्हणतं?"

कोयत्यानं घट्टे पडलेले हात भराभर वर गेले. विमलबाईनं तर दोन्ही हात वर केले.

"अवो बाई, माणशी एकच!" अर्जुनराव म्हणाले.

छबुबाईनं हसत तिचा एक हात खाली ओढला. मग आपला हात, सगळ्यांना दिसावा असा, सावकाश वर नेला.