उलटी चादर

साताऱ्यातल्या त्या कापडदुकानात यंदा लग्नसराईला पाय ठेवायला जागा नाही. शेठ दानशूर, भूकंपात चादरी वाटल्या, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

चादरी वाटल्या तेव्हा मी तिथंच होतो. प्रत्येक चादरीवर दुकानाचं नाव ठसठशीत छापलेलं, आणि शेठ सोबत फोटोग्राफर घेऊन आलेले. पाटणकडची एक म्हातारी चादर उलटी पांघरून बसली.

"सुलट पांघर," शेठ खेकसले. "फोटोत नाव आलं पाहिजे."

"घर माझं पडलं," ती शांतपणे म्हणाली, "आन् पाटी तुमची लावू व्हय?"

थंडी कडाक्याची होती. तिनं चादर काढली, नाव वर येईल अशी नीट घडी घातली, शेठच्या हातात ठेवली आणि विरलेला पदर अंगाभोवती आवळून घेतला.