उतरणीवरचा पोतंवाला

कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मागे, युदाल डोंगराच्या उतरणीवर आमची वस्ती होती. घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, मधून दगडी पायऱ्या. एका घरात भांडण पेटलं की वरच्या-खालच्या सगळ्या घरांत ऐकू जायचं. ऐकू जायचं म्हणून कुणी उठून जायचं नाही. नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

प्यो दोकचिल त्याच वस्तीत एका खोलीत एकटा राहायचा. माझा नवरा आणि तो बर्फाच्या कारखान्यात बरोबर होते. बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढायच्या, फोडायच्या आणि बोटींच्या पोटात ढकलायच्या, हे त्याचं काम. हात एवढे मोठे की त्याच्या मापाचे हातमोजे बाजारात मिळायचे नाहीत. अंगाला बारा महिने कारखान्यातल्या अमोनियाचा उग्र वास. बोलणं जेवढ्यास तेवढं. माझा नवरा गेला तेव्हा तो आला, दारात थोडा वेळ उभा राहिला, मग चुलीच्या कोळशाच्या वड्या भिंतीशी नीट रचून निघून गेला. पुढे दर हिवाळ्यात वड्या रचायला यायचा.

देवळात मात्र तो रोज. बाप्तिस्म्याचं नाव योसेफ. सकाळच्या मिस्सेला सगळ्यांच्या आधी हजर, मरियामातेपुढच्या मेणबत्त्या बदलायचा, सांडलेलं मेण नखाने खरवडायचा. मला तो माझ्या देवळातल्या नावाने हाक मारायचा, आगाथाताई म्हणून. फादर यू एकदा मला म्हणाले होते, "हा योसेफ गुडघ्यावर बसला की वाटतं, कुणीतरी याला खाली दाबून धरलंय."

त्याच सुमाराला वस्तीत पोतंवाल्याची गोष्ट सुरू झाली.

कोण होता, कुणी पाहिलं नव्हतं. सकाळच्या धुक्यात कामावर जाणाऱ्या एखाद्या माणसाच्या डोक्यावरून मिठाचं रिकामं पोतं यायचं, बरगड्यांत ठोसे बसायचे, आणि कानाशी कुणीतरी कुजबुजायचं, "पुन्हा तिच्यावर हात टाकलास तर पुन्हा येईन." ज्यांना मार बसला ते सगळे घरात बायकोला बडवणारे होते. ते पोलिसांकडे जायचे नाहीत. काय सांगणार? पायऱ्यांवरून पडलो म्हणायचे.

बायका तेवढ्या खूश. मी बंदरावर सुक्या मासळीचा गाळा लावायचे, तिथे त्यांचा अड्डा जमायचा.

"काल आमच्याकडच्याने जेवणाचा चौरंग उचलला फेकायला," शेजारची सांगत होती. "मी नुसतं दाराकडे बघून म्हटलं, आलात का भाऊजी, या ना आत! तर चौरंग हळूच खाली ठेवला मेल्याने, आणि स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला."

"माझ्या जावयाकडे पाठवता येईल का गं त्याला? जेवायला घालीन, सुके बोंबील बांधून देईन."

दोकचिल शेजारी बर्फ उतरवत होता. हसला नाही, मान वर केली नाही. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. तो कशालाच हसायचा नाही.

पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं, तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत. एका दमात कधीच नाही. एका भेटीत चार वाक्यं, दुसऱ्या भेटीत दोन.

त्याची थोरली बहीण वांडो बेटावर दिली होती. नवरा मारायचा. ती माहेरी आली की बाप तिला समजूत घालून परत पाठवायचा. दोकचिल तेव्हा ऐन विशीतला, हातांत ताकद होती, पण फादर म्हणाले प्रार्थना कर, म्हणून तो प्रार्थना करत राहिला. बहीण मेली. सासरच्यांनी विहिरीत पाय घसरला म्हणून सांगितलं. तिला अंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिची पाठ बघितली आणि पटकन कपडा ओढला.

"देवाने ऐकलं नाही असं नाही वाटलं मला," तो म्हणाला. "वाटलं, त्याने हात दिले होते मला, आणि मी ते जोडून बसलो."

म्हणून पुढे त्याने हात उचलले. पण प्रत्येक वेळी जाताना जपमाळ खिशातून काढून घरी खिळ्याला लावून जायचा. मी विचारलं का रे, तर म्हणाला, "तिला बघायला लागू नये म्हणून." ती म्हणजे मरियामाता. मग येऊन हात धुवायचा, माळ खिशात घालायचा आणि मिस्सेला जायचा. पापनिवेदनात सगळं सांगायचा, एवढं सोडून. हे पाप आहे असं त्याचं मन मानत नव्हतं, आणि नाही असंही त्याला म्हणवत नव्हतं.

त्याच्या खोलीच्या वर क्वाक मानबे राहायचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शुद्धीत असला की भला माणूस. दारू पोटात गेली की बायकोला केसांनी धरून अंगणात आणायचा. बायकोचं नाव जोंगनिम. सगळे तिला हेसुनची आई म्हणायचे. ती आमच्या देवळातली नव्हती. ती ओरडायचीही नाही. खालच्या खोलीत दोकचिलला फक्त धप् धप् आवाज यायचा, आणि हेसुनचं रडणं.

चुसोकच्या सणाआधी एका सकाळी, धुकं दाट होतं, त्याने मानबेला पायऱ्यांवर गाठलं. पोतं टाकलं, ठोसे मारले, नेहमीचं वाक्य कानात सांगितलं. मानबे गुडघ्यांवर बसला आणि पोत्याच्या आतून म्हणाला, "बस कर. समजलं मला. बस कर."

दोकचिल थांबला. आणि मग आणखी एक मारला.

"तो मी बहिणीसाठी मारला असं म्हणायचंय मला," भेटीच्या खोलीत तो म्हणाला, "पण नाही, ताई. तिची आठवणसुद्धा नव्हती त्या वेळी. तो मारताना मला बरं वाटलं."

मानबे पायऱ्यांवरून गडगडत खालच्या नळापर्यंत गेला. जगला, पण उजवं अंग कायमचं लुळं पडलं आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं अं-अं यायचं.

वस्तीत आधी दबकं हसू होतं, मग सगळे गप्प झाले. पोतंवाला पुन्हा कुणाला दिसला नाही. "जास्तच झालं बाई," असं बायका म्हणायच्या, आणि लगेच, "पण त्यानेही काय कमी केलं होतं?"

दोकचिल फादर यूंकडे गेला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. फादरनी विचारलं, "पश्चात्ताप होतोय?"

"शेवटच्या ठोशाचा होतोय."

"आणि बाकीच्यांचा?"

त्याने जाळीवर कपाळ टेकलं. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "योसेफ, अर्धी क्षमा माझ्याकडे नाही रे. होती तर दिली असती."

तेव्हापासून तो मिस्सेला यायचा पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायचा नाही. आम्ही सगळे रांगेत पुढे जायचो आणि हा शेवटच्या बाकावर मान खाली घालून. कुणी म्हणालं, बाईचं काही प्रकरण असेल. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि तो जोंगनिमच्या घरी जायला लागला. नळावरून पाणी वर आणून द्यायचा, कोळशाच्या वड्या आणायचा. अंथरुणावर पडलेल्या मानबेला कूस बदलायला एकटीला जमायचं नाही, तर तो बर्फाची लादी उचलावी तसा पण फार जपून त्याला उचलून धरायचा, आणि जोंगनिम खालची चादर बदलायची. अंघोळ घालायलाही तोच.

"सख्खे भाऊ फिरकले नाहीत," ती माझ्या गाळ्यावर म्हणायची, "आणि हे परके दोकचिल भाऊजी. अख्ख्या उतरणीवर एवढा एकच माणूस निघाला."

हे ऐकून तो बर्फ टाकून निघून जायचा. ती म्हणायची, बघा, कौतुकसुद्धा सोसत नाही.

मानबे त्याच्यासमोर थरथरायचा. दुखण्याची थरथर आहे, असं सगळ्यांना वाटायचं. दोकचिलला ठाऊक होतं. पोत्यातून तोंड दिसलं नसेल, पण तो अमोनियाचा वास आणि ते थंडगार हात मानबेने ओळखले होते. ओळखले होते आणि सांगता येत नव्हतं. रोज तेच हात त्याच्या काखेत शिरायचे.

"मग जायचं सोडलं का नाहीस?" मी विचारलं होतं.

"मी नाही गेलो तर तिची कंबर मोडली असती."

"आणि त्याची भीती?"

"मी उचलताना रोज त्याच्या कानात माफी मागायचो. त्याने तो जास्तच थरथरायचा. माझं कानाशी बोलणं त्याला त्या एकाच सकाळचं माहीत होतं ना."

हिवाळ्यासाठी किमची मुरवायचे दिवस आले. उतरणीवर प्रत्येक अंगणात कोबीचे ढीग, मिठाच्या पाण्याने लाल झालेले हात. मी जोंगनिमच्या अंगणात तिखट कालवत होते. दुपार होती, ऊन चांगलं होतं, म्हणून तिने मानबेला दाराशी आणून त्याचं अंग पुसायला घेतलं. दोकचिल पाण्याची घागर घेऊन आला, बाह्या वर केल्या आणि त्याच्याशेजारी बसला. मानबेने चांगल्या डाव्या हाताने बायकोचा घागरा मुठीत घट्ट पकडला. खालची चादर ओली झाली.

जोंगनिमने चादरीकडे पाहिलं. मग सहज आवाजात म्हणाली, "भाऊजी, आणखी एक घागर आणता?"

तो गेला. मानबेची मूठ सैल झाली, श्वास खाली बसला. तो पायऱ्या चढून परत येताना दिसला तशी मूठ पुन्हा आवळली. जोंगनिम नवऱ्याच्या बोटांकडे बघत राहिली. मी तिखटातले हात तसेच धरून बसले होते. काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण उठवत नव्हतं.

तो जवळ आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही होतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. कशाबद्दल विचारताय, एवढं त्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने घागर खाली ठेवली आणि म्हणाला, "हो."

ती रडली नाही, अंगावर धावूनही गेली नाही. नवऱ्याचं अंग कोरडं करून तिने पांघरूण घातलं, आणि मग बोलली.

"कुणाला विचारून केलंत?"

"देवाला विचारलं होतं."

"देवाला! मी तुमच्या डोक्यावरच्या घरात राहते. मला का नाही विचारलंत?"

त्याने वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"चुसोक झाला की मी हेसुनला घेऊन जाणार होते. कायमची. जेजूला मावशी आहे माझी, तिच्याशी बोलणं झालं होतं. बोट ठरली होती. हा शुद्धीत असताना मी त्याला तोंडावर सांगणार होते की मी चालले. किती वर्षं लागली होती मला एवढं एक वाक्य जमवायला, ठाऊक आहे?" तिने नवऱ्याच्या लुळ्या पायावर हात ठेवला. "आता कशी जाऊ? असल्या माणसाला टाकून कोण जातं? मार सोसवत नव्हता, पण त्यातून बाहेर पडता येत होतं. तुम्ही मला इथे बांधून ठेवलंत, भाऊजी. आणि वर पाणी आणून देता."

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नका. आणि उद्यापासून येऊ नका. याला भीती वाटते."

तो उठला, तिला वाकून नमस्कार केला, मानबेलाही केला, आणि पायऱ्या उतरला. घरी नाही गेला. सरळ पोलीस चौकीत गेला. तिथला हवालदार आधी हसला म्हणे: "अरे, तुझ्यासाठी माझी बायको प्रार्थना करते. जा घरी." तो गेला नाही. शिक्षा झाली. बायकांनी न्यायाधीशांपुढे विनंती करायचं ठरवलं, तर त्याने माझ्याकडून निरोप पाठवून ते थांबवलं. हेसुनच्या आईला विचारा आधी, म्हणाला. तिला विचारलं. ती म्हणाली, "मला यात ओढू नका." मग कुणी गेलं नाही.

फादर यू तुरुंगात त्याला भेटत होते. एका भेटीत मी पाहिलं, तो जरा बरा दिसत होता. म्हटलं, "मिळाली का क्षमा?"

"मिळाली."

"म्हणजे बाकीच्या ठोशांचाही पश्चात्ताप झाला तर."

"त्या बायकांपैकी एकीलाही विचारलं नव्हतं मी, ताई. कुणाकुणाचं काय काय ठरलं असेल. ते आठवलं की झोप लागत नाही. पण माझी बहीण विहिरीत दिसते तेव्हाही लागत नाही. फादर म्हणाले, दोन्ही घेऊन ये, देव निवडेल."

सुटल्यावर तो वस्तीत परत आला नाही. बिगुम बेटावर मिठागरात कामाला लागला. मानबे आणखी बरीच वर्षं अंथरुणावर होता. जोंगनिमने त्याचं सगळं एकटीने केलं. तिची कंबर वाकली ती वाकलीच. हेसुन मोठी होऊन मासानच्या गिरणीत गेली. मानबे गेल्यावरही जोंगनिम जेजूला गेली नाही. तोपर्यंत मावशी राहिली नव्हती.

दोकचिल फुप्फुसांच्या आजाराने गेला. म्हातारा व्हायच्या आधीच. बेटावरच्या छोट्या देवळात आम्ही मृतांच्या प्रार्थना सुरात म्हणत होतो, आणि मध्येच माझं लक्ष बाहेर गेलं. जोंगनिम आली होती. होडीने, एकटी. आत आली नाही, त्याच्या फोटोपुढे वाकली नाही. मांडवात बसून तिने, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला वाढतात तो तिखट रश्श्याचा वाडगा घेतला, भात घातला, सगळा खाल्ला. मी जाऊन शेजारी बसले.

"माफ केलंस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही," ती म्हणाली. चमचा पुसून वाडग्याशेजारी ठेवला. "पण मी विचारलं तेव्हा खोटं नाही बोलला. मानबे वाचा होती तोवर म्हणायचा, मी कुठे मारलं."

मग ती उठली, पाण्याच्या टपापाशी बसली आणि मयताला आलेल्यांचे वाडगे घासायला लागली. नको गं, पाहुणी आहेस, असं बेटावरच्या बायका म्हणत होत्या. शेवटच्या होडीची वेळ झाली तेव्हा तिने हात पुसले आणि कुणाचा निरोप न घेता धक्क्याकडे चालू लागली.